पलंगाखालच्या बॅटऱ्या

सोपानराव माणूस भला, पण संशयी असा की चहावाल्यानं कप काठोकाठ भरला तर आज का भरला, आणि कमी भरला तर कमी का, ह्या दोन्ही विचारांत चहा गार करून पिणार. भोसरीच्या एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप. बापजाद्यांच्या काळी त्या भागात ज्वारी व्हायची, आता लोखंडाचा कीस निघतो. पुढं एक छोटं ऑफिस, ऑफिसात एक कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरपुढं तनुजा. तनुजानं ड्रॉइंग काढायचं, मागच्या मशीननं ते कापायचं. लाइट गेली की कॉम्प्युटर मरायचा आणि तनुजा रडायची. म्हणून यूपीएस घ्यायचं ठरलं.

घेताना काय कमी तमाशा झाला? यूपीएसवाला प्रीतम बिचारा शांतपणे समजावत होता, "शेठ, आधी लोड मोजा, त्याच्यापेक्षा थोडा मोठा घ्या. प्रिंटर त्यावर लावू नका. बॅटऱ्यांना हवा लागू द्या. आणि बदलाल तेव्हा सगळ्या एकदम बदला, जुनी-नवी एकत्र नको."

सोपानराव मनात म्हणाले, सगळ्या एकदम म्हंजी ह्याचं कमिशन एकदम! आणि गेले कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात. तिथून उचलला एक जुना यूपीएस. करडा, कपाटाएवढा, खाली बॅटऱ्यांचा कप्पा, त्याला कुलूप. बॅटऱ्या तेवढ्या नव्या घेतल्या.

आता नव्या बॅटऱ्या म्हटल्यावर आमच्या शेठची झोप उडाली. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, सगळीकडं सामसूम, म्हणजे चोरांना रान मोकळं. मग दर बुधवारी संध्याकाळी, सगळे गेले की, हा गडी पाना घेऊन बसायचा. लाल वायर सोड, काळी वायर सोड, बॅटऱ्या गाडीत घाल आणि घरी नेऊन पलंगाखाली सरकव. शुक्रवारी पहाटे पुन्हा वरात. तनुजाला पत्ता लागू दिला नव्हता, कारण संशय तिच्यावरही होता.

बायको कौशल्याबाई म्हणायच्या, "अवो, माझ्या पाटल्या उघड्या कपाटात, आन् ह्या काळ्या पेट्या माझ्या डोक्याखाली! लोक काय म्हनतील?"

"लोकांना सांगतंय कोन? तू गप ऱ्हा."

तर असाच एक गुरुवार. चाकणच्या एका कंपनीला संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग पाठवायचं होतं. ते काम हातचं गेलं असतं तर वर्कशॉपला टाळं लागलं असतं, हे तनुजालाही ठाऊक होतं. म्हणून पोरगी सुट्टी सोडून आली होती. इकडं सोपानराव पिठलं-भाकरी हाणून आडवे झाले, आणि मग आठवलं, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते. लगेच फोन.

"तनुजा, लाइट हाय का?"

"कधीच गेली शेठ, सकाळीच. तुम्ही काळजी करू नका, यूपीएस मस्त चालतोय."

सोपानराव वाकले. पलंगाखाली बघितलं. सगळ्या बॅटऱ्या जागच्या जागी होत्या. हात लावून बघितला... गार.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. आमच्या शेठला आधी राग आला. पोरीनं शेजारच्या जनरेटरवरनं वायर ओढली! उद्या शेजारी बोंबलत येणार! काढली गाडी.

गुरुवारची एमआयडीसी ज्यानं बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही. एरवी प्रेसच्या दणक्यानं कप हलतात. त्या दुपारी पत्र्यावर कावळा चालला तरी त्याच्या नखांचा आवाज येत होता. शेजारचा जनरेटर बंद. पलीकडचाही बंद. सोपानरावांनी भिंतीभोवती फिरून बघितलं. वायर कुठंच नाही.

आत अंधार, फक्त स्क्रीनचा निळा उजेड. यूपीएसचा आवाज येत होता, पण पंख्यासारखा नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास जसा येतो-जातो, तसा. आणि वास... तापानं फणफणलेल्या माणसाच्या खोलीत येतो तसला.

यूपीएसवर आकडा होता, एकेचाळीस टक्के. सोपानरावांनी उंबरा ओलांडला आणि आकडा सरकन नव्वदवर गेला. त्याच क्षणी त्यांच्या अंगातलं बळ कुणी तरी काढून घेतल्यासारखं झालं.

संशयी माणूस एकदा बघून गप्प बसतो होय? गेले बाहेर. काचेतनं बघितलं, आकडा खाली. आत आले, आकडा वर. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"शेठ," तनुजा वळून न बघता म्हणाली, "फेऱ्या कसल्या घालताय? कुणी नवस बोललंय का?" मग हळूच, "मला जरा... गळून गेल्यासारखं होतंय. अर्धाच तास राहिलाय काम व्हायला."

सोपानरावांनी खिशातली किल्ली काढून कप्प्याचं कुलूप उघडलं. आत काही नव्हतं. लाल वायर, काळी वायर मोकळ्या लोंबत होत्या. त्यांची टोकं माणसाच्या अंगासारखी कोमट होती.

ह्या वेळी पोरीला हाताला धरून बाहेर काढायला पाहिजे होतं. पण चाकणचं काम डोळ्यापुढं नाचत होतं. शेठनी खुर्ची ओढली, यूपीएसला लावून बसले आणि म्हणाले, "तू कर. मी बसतो हितं."

आपण दोघं मिळून अर्धा तास पुरू, असा त्यांचा हिशेब. आकडा उतरत गेला. सत्तर... पन्नास... शेठच्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तीसच्या खाली आला तेव्हा तनुजाची मान कीबोर्डवर पडली.

"तनुजा! ए पोरी!"

यूपीएसचं बटण दाबलं, बंद होईना. शेठनी कॉम्प्युटरची वायर हिसडून काढली. स्क्रीन काळा झाला. तिला कशीबशी ओढत बाहेर उन्हात आणलं, ऑफिसला कुलूप ठोकलं, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"ड्रॉइंग... सेव्ह केलं नव्हतं शेठ."

"गेलं खड्ड्यात. तू हायेस न्हवं? बास." सोपानराव तिच्याशेजारी पायरीवर टेकले. टाळं तर टाळं, म्हणाले.

दोघं पायरीवर बसून होते, एवढ्यात फोन वाजला. चाकणचे निरंजनसाहेब.

"सोपानराव, मानलं तुम्हाला! ड्रॉइंग मिळालं. एकदम पूर्ण."

"कवा?"

"आत्ताच. ही काय, पाच मिनिटं झाली."

तनुजा शेठकडं बघत होती. तिचे हात मांडीवर होते.

"आणि ऑफिसच्या फोनवर तुमच्या माणसाशी बोललो मी," साहेब खुशीत होते. "आवाज जरा लांबून येत होता. मी म्हटलं, पुढची ऑर्डर ह्याच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, झेपेल का तुम्हाला?"

"मंग... काय म्हनला त्यो?"

"म्हणाले, झेपेल की. फक्त शेठना सांगा, चौघं जण आत आणून बसवावे लागतील."