ओला दगड

छायाचित्रातल्या पेटीत जमिनीत भोक पाडून काढलेल्या दगडाच्या कांड्यांच्या चार ओळी होत्या, आणि त्यांतली फक्त तिसरी ओळ ओली होती. बाकीच्या तिन्ही कोरड्या, राखेसारख्या फिक्या. तिसरीवर मात्र फोटो काढण्यापूर्वी कुणीतरी पाणी फिरवलं होतं, आणि त्या पाण्याने गारगोटीतल्या पिवळ्या ठिपक्यांना असं काही तेज चढलं होतं, की बघणाऱ्याची नजर दुसरीकडे वळूच नये!

सोनलने चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा पाहिलं. दगड ओला करून बघणं हा काही गुन्हा नव्हे. ओल्या दगडातलं बारीकसारीक नीट दिसतं, हे भूशास्त्राच्या पहिल्याच वर्षी तिला शिकवलं होतं. त्यापुढचं वर्ष तिच्या नशिबात नव्हतं. पण चारांतली एकच ओळ?

"काय म्हणतेस ताई? सोनंच ना ते?"

अविराज खुर्चीच्या टोकावर बसला होता. तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा, बारामतीत इंजिनिअर. आज रविवार म्हणून तो बायकोला, संस्कृतीला, घेऊन निमगाव केतकीला आला होता. टेबलावर त्याने सोनं शोधणाऱ्या एका कंपनीची, त्या छायाचित्राची गुळगुळीत पुस्तिका ठेवली होती, तिच्याशेजारी टाईप केलेलं हक्कसोडपत्र, आणि त्याच्याशेजारी साडीच्या दुकानाची पिशवी. बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडी नेसवायची... रीतच होती ती! घरामागची डाळिंबाची बाग विकून सगळा पैसा या कंपनीच्या शेअरमध्ये घालायचा, असं त्याने ठरवलं होतं. सहा महिने तो सही मागत होता, आणि सहा महिने ती "बघते" एवढंच म्हणत होती.

कंपनीने अजून टोपलंभर खनिजही काढलं नव्हतं. दूर कर्नाटकातल्या एका माळावर भोकं पाडून, इथं सोनं असावं, एवढंच ती सांगत होती.

"सोनं आहे," सोनल म्हणाली. "पण एका मीटरात. त्यांनी तीस मीटरची सरासरी छापलीय. तो एक मीटर बाजूला काढ, उरलेल्या एकोणतिसांत काही नाही."

"सरासरी सरासरीच असते गं."

"अवी, आपण डाळिंबाचं क्रेट भरतो तेव्हा वर काय ठेवतो?"

तो हसला. "मोठी फळं. सगळेच ठेवतात."

"म्हणून व्यापारी क्रेट उपडं करून बघतो. तू बघितलंस? आणि दर नव्या भोकाला पैसा लागतो, तो उभा करायला ते नवे शेअर काढतात. ताकाचा लोटा तोच, पाणी वाढत जातं. तुझी वाटी भरलेलीच राहील रे, पण चव कुठून आणशील?"

"वन्सं, तुम्ही नेहमी वाईटच बघता," संस्कृती हळूच म्हणाली. "साडी तरी बघा ना. रंग यांनीच पसंत केलाय."

पिशवी उघडली गेली नाही.

अविराजचा आवाज चढला. "आबांनापण सगळे थांबा म्हणाले होते! दोन बोअर कोरड्या गेल्या, तिसरीला गाव हसलं. आबा म्हणाले, अजून पन्नास फूट! लागलं का नाही पाणी? त्या पाण्यावर बाग उभी राहिली, त्या बागेवर मी शिकलो. आबा तुझ्यासारखे भ्याले असते तर मी आज कुठं असतो? तू जन्मभर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासलास, ताई. तुझं ठीक आहे, तुला पुढं ना मागं..."

शब्द सुटला.

भिंतीवरच्या तसबिरीतून आबा हसत होते. सोनलच्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहिला... पुण्याच्या दुसऱ्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचे पैसे त्या शेवटच्या पन्नास फुटांसाठी तिने स्वतः आबांच्या हातावर ठेवले होते, कुणी मागितले नसताना! मग तो धो-धो फवारा, चिखलात नाचणारे आबा, गावभर वाटलेले पेढे. एवढंच या घराने जपून ठेवलं होतं, ओल्या ओळीसारखं. त्यानंतरची कोरडी वर्षं तिने एकटीने गिळली होती, मुकाट, कारण मरणाऱ्या बापाने तिच्याकडून तसं वचन घेतलं होतं... आणि ते वचन मोडण्याचं बळ तिला आजही सापडत नव्हतं.

"आवी."

दारात आई उभी होती. सिंधुबाईंच्या हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी तो खालीच ठेवला.

"त्या बोअरचं पानी दुसऱ्या उन्हाळ्यात आटलं."

"काय?"

"आटलं. तू बारामतीला बोर्डिंगात हुतास. बोअर लागली तवा पेढं वाटलं, आटली तवा कुनाला सांगितलं न्हाय. तुज्या आबांनी तोंडावर फरशी टाकली नि म्हनाले, घरातली गोष्ट घरात. लोक हसत्याल म्हनून."

"मग बाग? बाग कशावर..."

"धा उन्हाळं टँकरवर. रातच्याला यायचा, नि सुट्टीत तुला मामाकडं धाडत हुतो. शेततळं झालं ते मागनं."

"आणि माझी फी?" त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "आई, माझी फी कोण भरत होतं?"

सिंधुबाईंनी नुसतं लेकीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतक्या वर्षांची लाज होती. "हिला बगायला आलेली दोन स्थळं म्याच परत धाडली," त्या पुटपुटल्या. "ही गेली आसती तर पगार बी गेला आसता. पुढं ना मागं म्हनतोस... आरं, पुढचं-मागचं सारं तुज्या पायात घातलं तिनं!"

सोनलने चमकून मान वर केली. पाण्याचं तिला ठाऊक होतं. स्थळांचं नव्हतं.

दोन... आईने परत धाडली होती!

अविराज उठला, तिच्या पायाशी जमिनीवर बसला. "ताई, मला कुणी सांगितलं का नाही गं! शप्पथ, मला खरंच..." त्याने हक्कसोडपत्र ओढलं. "फाडतो मी हे. बाग राहू दे. जसं होतं तसंच चालू दे, तू, आई, सगळं तसंच..."

"तसंच?" ती म्हणाली.

त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. त्या पाण्याने त्याचा चेहरा अगदी लहानपणीचा दिसत होता, आणि तिचा हात सवयीने त्याच्या केसांकडे गेला. तो तिने त्याच्या डोक्यावर क्षणभर ठेवला. माया आटली नव्हती... दुर्दैवच म्हणायचं! मग तिने पुस्तिका मिटली, साडीची पिशवी संस्कृतीकडे सरकवली आणि आईकडे पाहिलं. सिंधुबाईंची मान खाली होती.

"फाड," सोनल म्हणाली. "पण तसंच काही चालणार नाही, अवी. तुझ्या वाट्याचं तू शेअर घे नाहीतर डाळिंब लाव, आईचं आई बघेल. माझा वाटा मला पाहिजे. वेगळा, माझ्या नावावर."