लांबलेलं मिनिट

"दाढी करताय की दाढीला आंघोळ घालताय? बंद करा तो नळ!"

बाथरूमच्या दाराला तोंड लावून आई रोज सकाळी अशी ओरडायची. आतून बाबांचं "झालंच..." यायचं आणि नळ धो धो सुरूच राहायचा. एके दिवशी त्यांचं 'झालंच' इतकं लांबलं, की मी केस न विंचरताच शाळेकडे पळत सुटले. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच... आणि फाटकापाशी एका गुंडाळलेल्या लांबलचक नकाशावर जाऊन आदळले.

नकाशामागून एक माणूस बाहेर आला. "अख्ख्या जगाला धक्का दिलात तुम्ही."

"मग जगाने बघून चालावं," असं म्हणून मी पुढे पळाले.

तो आमचा भूगोलाचा नवा शिक्षक. मी खेळाची बाई.

आमच्या शाळेत पूर्वी सकाळी एक प्रार्थना गायची पद्धत होती. पण ती कुणाच्या धर्माची, आमच्या मुलांनी ती का म्हणायची, यावरून पालकांच्या सभेत आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. शेवटी मोठ्या बाईंनी तोडगा काढला. मिनिटभर शांतता. डोळे मिटा आणि ज्याला जे म्हणायचंय ते मनात म्हणा. ज्याला काहीच म्हणायचं नाही त्याने नुसतं उभं राहावं. स्टॉपवॉच माझ्याकडे, म्हणून मिनिट मोजायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. सगळी शाळा डोळे मिटायची आणि मी एकटी उघडे ठेवायचे.

एकटी – असं मला वाटायचं.

त्या सकाळी घड्याळावरची नजर वर गेली, तर मिटलेल्या डोळ्यांच्या रांगांपलीकडे दोन डोळे टक्क उघडे. माझ्याकडेच बघणारे. मी भुवया उंचावून 'मिटा' अशी खूण केली. त्याने हळूच मान हलवली – नाही. आणि हसला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी केस विंचरून गेले.

मग ते मिनिट लांबायला लागलं. मुलं खोकायची, पायांची अदलाबदल करायची, मागच्या रांगेत कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढायचं... माझा अंगठा काही बटणावर पडायचा नाही. एकदा तर मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. "श्रद्धा कशी असावी ते यांच्याकडून शिका. घाई म्हणून नाही!" मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्याने मला जिन्यात गाठलं. "घड्याळ मागे पडतंय का हो तुमचं?"

"आणि तुमचे डोळे मिटतच नाहीत का हो?"

"आमच्याकडे डोळे उघडे ठेवूनच म्हणतात. आजी सांगायची, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बघून बोलावं."

"म्हणजे... इतके दिवस तुम्ही खरोखर प्रार्थना करत होता?"

"करत होतो की. सुरुवात नीट व्हायची. पुढच्या ओळी मात्र हल्ली आठवत नाहीत."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिट्टी वाजवायचं काही कारण नव्हतं, तरी मी वाजवली.

त्यानंतर त्याला भूगोलापेक्षा मैदानाचंच जास्त प्रेम आलं. शर्यतीच्या रेघा मारायला तो चुन्याची बादली घेऊन माझ्या मागे मागे फिरायचा, आणि त्याची एकही रेघ सरळ यायची नाही. असाच एकदा तो रेघ अर्धवट सोडून उभा राहिला. नाकाला चुना लागलेला.

"तुझ्याशी लग्न करायचंय मला. पण एक आहे... मी माझं सोडणार नाही. आणि तू तुझं सोडावंस असंही मला वाटत नाही. चालेल?"

"मला चालेल," मी म्हटलं. "घरी..."

घरी कसं चालणार होतं? बाबा मुळात दुसऱ्या धर्माचे. लग्नाच्या वेळी त्यांनी आपलं सोडून आईचं घेतलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याविषयी कुणी बोलत नसे. दुखऱ्या दाताला जीभ लावू नये, तसं आम्ही ते टाळायचो. म्हणजे या घरात शिरायचं तर कुणीतरी काहीतरी सोडायचं, हे ठरल्यासारखंच होतं. त्याला ते सोडायला लावायचं, की त्यालाच सोडायचं? माझी झोप उडाली.

रविवारी तो चहाला आला. मावशीही आली, न येऊन कसं चालेल!

"मुलगा गुणाचा आहे, मी नाही म्हणत नाही," मावशी त्याच्यासमोरच म्हणाली. "पण घरात रीत एकच हवी. एकाने सोडावंच लागतं. आमच्या भावोजींनी नाही सोडलं? आजवर चकार शब्द काढला नाही हो!"

खोलीत शांतता पसरली. बाबा थंड झालेल्या चहावर फुंकर घालत बसले. सवयीने माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. सगळ्यांचे डोळे उघडे, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं... फक्त तो तेवढा माझ्याकडे बघत होता.

"मी जरा..." त्याने सुरुवात केली.

"तुम्ही थांबा," आई म्हणाली आणि बाबांकडे वळली. "अहो, नळ सोडून तुम्ही आत काय म्हणत असता, ते मला ऐकू येतं."

बाबांचा कप बशीवर खणकन आदळला. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग... काही बोलली कशी नाहीस?"

"बोलत नव्हते? रोज दारात उभी राहून ओरडत होते! नळाच्या आवाजाने तुमचा आवाज झाकतोय असं वाटायचं तुम्हाला. तुमच्या प्रार्थनेची चाल किती वर जाते! बाहेर इतरांच्या कानावर जाऊ नये म्हणून मला घसा फोडावा लागायचा."

मावशीचा चमचा हवेतच राहिला. बाबांचे डोळे भरून आले होते, आणि ते हसतही होते. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं, तसे त्यांचे खांदे खाली आले. माझेही आले.

"यांनी काही सोडलेलं नाही," आई मावशीला म्हणाली. "आपणच इतकी वर्षं तसं म्हणत आलो. आणि या पोरांनीही काही सोडायचं नाही." मग तिने बाबांपुढचा थंड चहा उचलला. "उद्यापासून नळ बंद करून म्हणत जा. आणि दार उघडं ठेवा. मला शेवटची ओळ कधीच नीट ऐकू येत नाही."