पूर्वी वापरलेला पासवर्ड

जेवणाच्या सुट्टीआधीच फोन सुरू झाले. इस्पितळात कुणाचाच पासवर्ड बदलेना. ज्यांच्या पासवर्डची मुदत संपली ते सगळे बाहेर, त्यात अतिदक्षता विभागातल्या सिस्टरही. औषधांचं कपाट त्यांच्याच पासवर्डवर उघडायचं, आणि एका पेशंटचं इंजेक्शन आत अडकलं होतं.

संगणक विभागात ती एकटीच होती. सातवा महिना, पाय सुजलेले. बाळ सकाळपासून हललं नव्हतं, म्हणून जीवाला घोर लागलेला. तरी पोट सावरत ती सर्व्हरच्या खोलीत गेली. बिनखिडकीची, गार, सतत घरघरणारी खोली. दुखणं लगेच सापडलं. पासवर्ड बदलण्याचं सगळं काम काकांच्या खात्यातून चालायचं, आणि त्या खात्याचीच मुदत आज संपली होती. काका म्हणजे तिचे साहेब. दोन महिन्यांपूर्वी गेले. जगाला नियम शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्याच खात्यावर सगळा डोलारा उभा करून ठेवला होता! तिला हसू आलं आणि भरूनही आलं.

"बाळाचं नाव आधी मला सांगायचं हं," ते म्हणायचे.

"जन्मल्यावर कळेलच की," ती चिडवायची. ते सांगायचं राहूनच गेलं.

तिने काकांच्या खात्याला नवा पासवर्ड दिला. पडद्यावर उत्तर आलं, 'हा पासवर्ड पूर्वी वापरलेला आहे.'

दुसरा दिला. तेच. मग डोळे मिटून वाटेल ती बटणं दाबली. पुन्हा तेच. खोलीत लवंगेचा वास दरवळला. काका खोकल्यासाठी लवंग चघळायचे.

फोन वाजला. "अजून किती वेळ हो? पेशंटचा श्वास..." सिस्टर विचारत होत्या.

तिला काही सुचेना. मनात होतं तेच टाईप केलं, बाळाचं नाव. नवऱ्यालाही अजून न सांगितलेलं.

'हा पासवर्ड पूर्वी वापरलेला आहे.'

तिने बोटं झटकन मागे घेतली.

"काका..." ती पुटपुटली, "तिकडे जीव जातोय... सोडा ना आता..."

तिने तेच नाव पुन्हा टाईप केलं. या वेळी मुकाट्याने बदल झाला.

थोड्या वेळाने सिस्टरचाच फोन आला. "उघडलं बाई कपाट! दिलं इंजेक्शन, पेशंट सावरतोय." मग त्या घुटमळल्या. "तुमच्याजवळ लहान मूल आहे का? तुमच्या मागून कुणी म्हातारे केव्हाचे त्याला हाक मारतायत..."

आणि सिस्टरनी ते नाव घेतलं.

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. लवंगेचा वास अगदी कानाशी आला. सकाळपासून निपचित असलेलं बाळ, हाकेला ओ द्यावी तसं, पोटात हळूच वळलं.