चौदा टायर

पावसाची सर आली म्हणून ऋजुता समोरच्या शेडमध्ये शिरली आणि टायरला अडखळून पडता पडता राहिली.

"सावकाश, मॅडम. टायर चौदा हायत... सगळ्यांना धडकणार?"

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा हर्षद ग्रीसचे हात पुसत हसत होता. ऋजुतालाही हसू आलं. मिरकरवाड्यात घरोघर डासांच्या अळ्या शोधणाऱ्या मुलीशी कोण एवढं गोड बोलतो? होडी धक्क्याला घासू नये म्हणून बांधायचे ते जुने टायर होते. त्यांत पावसाचं पाणी साचलं होतं आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"भोकं पाडा यांना. पाणी राहणार नाही."

"संध्याकाळी पाडतो. तुमची शप्पथ."

"माझी कशाला?"

"तुमचंच काम ना — म्हणून..."

त्याच्या नजरेनं ती गोंधळली. तो शब्द पाळेलच, असं धरून तिनं वहीत 'निरंक', म्हणजे अळ्या नाहीत, असं लिहून टाकलं.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा शेजारच्या चिमाकाकी डेंग्यूनं दवाखान्यात होत्या. टायरांत पाणी तसंच होतं.

"कामाच्या गडबडीत राहूनच गेलं," हर्षदचा चेहरा उतरला होता. "काकीनं मला लहानपणापासून जेवू घातलंय. माझं नाव लिहा, मॅडम."

डास कुठला होता, हे कोण सांगणार? पण वहीतलं खोटं तिचंच होतं. नोकरी कंत्राटी, कधीही जाणारी. तरी तिनं 'निरंक' खोडलं, खरं ते लिहिलं आणि वही साहेबांपुढे ठेवली. बोलणी पोटभर खाल्ली, नोकरी तेवढी वाचली.

काकी बऱ्या होऊन घरी आल्या. पुढच्या फेरीला हर्षद ड्रिल घेऊन दारातच उभा होता. ऋजुतानं त्याच्याकडे पाहिलं नाही. एकेका टायरमध्ये हात घालून ती चाचपत गेली. चौदावा कोरडा लागला, तेव्हाच तिनं मान वर केली.

"धक्क्यावरच्या सगळ्या टायरांना भोकं पाडली," तो म्हणाला. "आता इथं अळी मिळायची नाय. म्हणजे तू... तुम्ही थांबणार नाय. मला ते चालणार नाय, ऋजुता. तू आवडतेस मला."

तिनं 'निरंक' लिहिलं, वही मिटून पिशवीत टाकली.

"रविवारी येते," ती म्हणाली. "रविवारी मला सुट्टी असते."