वरचा एक बार

भाद्रपदातल्या अमावास्येची पहाट फुटली, तेव्हा कातळदुर्गाच्या पश्चिम बुरुजावरच्या पहारेकऱ्याला शिंग फुंकण्याचंही भान राहिलं नाही. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांपलीकडे, टोपीकरांचं तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज नांगर टाकून उभं होतं. त्याचं नाव रेवनहर्स्ट, पण किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्याचं बारसं 'रावण' असं उरकून टाकलं होतं. फरासिसांशी दोन समुद्रांवर झुंजलेलं, कुशीत तोफांच्या दुहेरी रांगा बाळगणारं हे जहाज गेल्या उन्हाळ्यात याच किनाऱ्यावरची मासेमारीची गावं जाळून गेलं होतं. कारण काय, तर कोळ्यांनी त्याला गोडं पाणी भरू दिलं नाही. या पराक्रमाची गोष्ट विलायतेत मोठ्या अभिमानाने सांगत असतील. सांगोत बापडे!

गडाच्या पाठीशी, खाडीच्या आतल्या चिखलात, दर्यावर धाक बसवणाऱ्या तीन लढाऊ गुराबा आणि त्यांची सारी गलबतं त्या दिवशी ओढून ठेवलेली, गुरांसारखी कुशीवर पडली होती. पावसाळाभर तळ खरवडून, फटींत काथ्या ठोसून, तेल पाजून त्या नुकत्याच सज्ज झाल्या होत्या. पण त्या पाण्यावर उचलायला अमावास्येचं उधाण लागणार होतं, आणि उधाणाची भरती दुपारपर्यंत शिगेला पोचत नव्हती. रावणाला आत शिरायला मात्र अर्धी भरती पुरेशी होती. तो आत आला असता, तर साऱ्या आरमाराची चिखलातच होळी झाली असती. मध्ये उभा होता तो एकटा कातळदुर्ग, आणि त्याच्या तोफा.

"सरकार," म्हातारा इभ्राम गोलंदाज किल्लेदारासमोर मुजरा करून म्हणाला, "कोठारातल्या दारूचा चिखल झाला आहे. जिभेवर ठेवून पाहिली. खारट लागते. छपराचं पाणी खारट नसतं."

किल्लेदार जिवाजीराव सुर्वे यांनी विचारलं, "कोठाराची किल्ली?"

"भवानरावांकडे. आणि भवानराव गडावर नाहीत. चोरदिंडीखाली बांधलेला छोटा मचवाही नाही."

भवानराव म्हणजे जिवाजीरावांचा सख्खा चुलतभाऊ. किल्लेदारीची वस्त्रं थोरल्याच्या अंगावर चढली, त्या दिवसापासून या धाकट्याला अन्न गोड लागलं नव्हतं. भाऊबंदकीने बुडालेली घरं या मुलखात काय थोडी आहेत? पण घर बुडवणं वेगळं आणि गनिमाच्या हाती गड देणं वेगळं. या माणसाविषयी लिहिताना लेखणी विटाळते.

"कोरडी दारू किती?"

"रोजच्या इशारतीच्या तोफेसाठी बुरुजावर ठेवतो, तेवढीच. गोळा घालून पाच-सहा बार निघतील. गुराबांवरची कोरडी आहे, पण भरती आल्याशिवाय ती त्या चिखलातून गडावर आणता येणार नाही."

त्याच वेळी रावणाच्या फळ्यांवर भवानराव पगडी सावरत उभा होता आणि दुभाष्याकडून कप्तानाला सांगत होता, "गडावर दारू नाही. पाणी चढू लागताच बेलाशक आत शिरा. उद्या त्या गादीवर मला बसवा, म्हणजे झालं."

कप्तान लाल चेहऱ्याचा, थंड डोळ्यांचा माणूस होता. जो भावाचा झाला नाही तो आपला काय होणार, एवढा व्यवहार त्याला कळत होता. तो म्हणाला, "पांढरं निशाण चढवून आम्ही किल्ल्याला सलामी देऊ. सलामीला तोफेमागे तोफ जबाब द्यावा, असा आमच्या आरमाराचा रिवाज आहे आणि तुमच्या लोकांनाही तो ठाऊक आहे. कोठार भरलेलं असेल तर किल्लेदार जबाब देईल. रिकामं असेल तर कुठून देईल? आणि मूठभरच उरली असेल, तर ती मूठ शिष्टाचारावर उधळण्याइतका मूर्ख सरदार मी तरी पाहिलेला नाही."

"खुशाल द्या सलामी," भवानराव हसला. "एकही बार यायचा नाही. माझं शीर जामीन."

पाणी चढू लागलं होतं. रावणाच्या कुशीतून धुराचा पहिला लोट उठला, मागून दुसरा, तिसरा. गोळा एकही आला नाही. अकरा बार झाले आणि जहाज स्तब्ध झालं.

"हा मान नव्हे, इभ्राम," जिवाजीराव म्हणाले. "ही आपली झडती आहे. जबाब द्या."

"सरकार, क्षमा असावी!" म्हातारा पायाशी वाकला. "त्यापेक्षा पाच गोळे गनिमाच्या उरावर घालून मरू. शेवटची दारू नुसत्या आवाजावर उधळायची?"

"पाच गोळ्यांनी रावण मरत नाही, आणि सहावा आला नाही की तो आत शिरतो. मला त्याचं मरण तूर्त नको, दुपारपर्यंतची उसंत हवी. गोळा घालू नका. थोडी थोडी दारू भरा, वर ओला काथ्या आणि चिकणमाती ठोसून बसवा. दऱ्याखोऱ्यांनी ऐकावं असा आवाज झाला पाहिजे."

कातळदुर्ग बोलू लागला. एकामागून एक तोफ अशा तोऱ्यात कडाडली, की जणू कोठारात तीन वर्षांची बेगमी पडून होती. अकरावा बार झाला. इभ्रामने रिकामं पिंप उपडं करून दाखवलं.

"आणखी एक," जिवाजीराव म्हणाले.

"सरकार, कण उरला नाही."

किल्लेदारांनी कमरेचं दारूचं शिंग सोडून तोफेच्या तोंडात रितं केलं. "आहेर परत करताना वर काही ठेवायचं असतं, इभ्राम. तेवढ्यास तेवढा फेडणारा कंगाल ठरतो."

तटावरचे बंदूकवाले एकेक करून पुढे आले आणि त्यांनीही आपापली शिंगं निमूट ओतली. बारावा बार सर्वांत मोठा झाला. त्यानंतर कातळदुर्गावर बंदुकीचा एक बार काढण्याइतकीही दारू नव्हती, आणि जिवाजीराव तटावर उघड्या छातीने उभे राहून जहाजाचा नांगर उचलला जाताना पाहत होते. नांगर वर आला. शिडं फुगली. जहाज हळूहळू वळलं, आणि त्याचं तोंड खुल्या दर्याकडे झालं. बुरुजावर कोणीतरी हुंदका दिला.

जहाजावर कप्तान भवानरावाकडे वळला. "बारा," तो एवढंच म्हणाला.

बाराव्या बाराचा अर्थ कप्तानाला कळला नव्हता, पण भवानराव त्याच मातीतला होता. दादाने घर धुऊन आहेर केला, हे तो पुरतं समजला. "रिकामा आहे तो गड!" तो ओरडला. "देवीची शपथ, आता तर पुरता रिकामा आहे!" कोणी ऐकलं नाही. खलाशी त्याच्या तोंडावर थुंकले, त्यांनी त्याच्या मुसक्या बांधल्या आणि त्याला त्याच्याच मचव्यात टाकून भरतीच्या पाण्यावर किनाऱ्याकडे सोडून दिलं.

तोफांच्या पल्ल्याबाहेर जाऊन रावणाने पुन्हा नांगर टाकला आणि मागून येणाऱ्या जोडीच्या जहाजांची वाट पाहत तो थांबला. दुपारी वारा पडला. नेमक्या त्याच वेळी खाडीत उधाण शिगेला पोचलं, गुराबा चिखलातून उठल्या आणि गलबतांनी त्या ओढून बाहेर काढल्या. वल्ह्यांवर सर्वांत पुढे बसले होते ते जळालेल्या गावांचे कोळी. वाऱ्याविना खिळलेल्या रावणाच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफांची रांग पोचत नव्हती, तिथून त्यांनी मारा धरला. गुराबांवरची दारू तेवढी कोरडी होती, आणि तिचा कण वाया गेला नाही. संध्याकाळचा वारा सुटला तेव्हा मधली डोलकाठी गमावलेलं ते नामांकित जहाज नांगराचा दोर तोडून दक्षिणेला पळालं. आपली कितीतरी माणसं त्या पाण्यात गेली. पण आरमार वाचलं.

भवानरावाला दोरांसकट सदरेवर उभं केलं, तेव्हा अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती.

"दादासाहेब," तो म्हणाला, "मी त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो."

"ठाऊक आहे. जन्मात एकदा खरं बोललास, तेही गनिमापाशी."

"तोफेच्या तोंडी द्या!" गर्दी गरजली. फितुराला तीच सजा होती. जिवाजीरावांनी इभ्रामकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान खाली घातली. "सरकार... गडावर दारू कुठे आहे?"

सारी सदर हसत सुटली. जिवाजीराव मात्र हसले नाहीत.

"गुराबांची दारू शूरांची आहे, ती या कामाला मिळणार नाही," ते म्हणाले. "गडाचा कायदाही मोडणार नाही. दारू तू भिजवलीस, तूच वाळव. एका बाराइतकी पेट घेईल, त्या दिवशी इभ्रामला येऊन सांग; तोच बार तुझा."

दसऱ्यानंतर सुभ्याहून नवी दारू आली, पण हुकूम त्याच दारूचा होता. बुरुजावर घोंगडी पसरून भवानराव तो काळा चिखल उन्हात घालत बसे. येणारा-जाणारा शिपाई विचारी, "वाळली का, भवानराव?" तो मान न उचलता म्हणे, "ओली आहे." खारं पाणी प्यालेली दारू दिवसा वाळते आणि रात्रीच्या दर्याच्या हवेने पुन्हा पाझरते, हे सांगण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

पुढे एका वैशाखात, दाढी पांढरी झालेला भवानराव आपल्या पायांनी तोफेपाशी आला. "वाळली," तो म्हणाला. "इभ्राम, आता आटप."

इभ्रामने चिमूटभर दारू दगडावर ठेवून बत्ती लावली. नुसता धूर निघाला.

"ओली आहे, भवानराव," म्हातारा म्हणाला. "जा, पसरा."