अलीकडचा थांबा

टेबल तेच होतं, पण झाड नव्हतं.

नीलिमाने फोनमधला फोटो पुन्हा समोर धरला. पाच वर्षांपूर्वीचा. याच सिमेंटच्या टेबलाशी ती आणि तिचा नवरा विलास बसले होते. विलासने किल्लीने कोरलेलं ‘वि नी’ आत्ताही बोटाला लागत होतं. फोटोत मागे एक मोठं झाड होतं. इथे नजर पोचेल तिथपर्यंत लाल माती आणि गुडघाभर झुडपं.

“झाड तोडलं असेल,” रविंद्र गाडीतूनच म्हणाला.

“मग खोड कुठंय?” चारुताने विचारलं.

चारुता ही नीलिमाची वेरिबी या परदेशी उपनगरातली शेजारीण, तिथल्या कोर्टात मराठीची दुभाषी. शब्दांच्या बाबतीत भलती काटेकोर बाई. रविंद्र विलासचा कॉलेजपासूनचा मित्र, रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर.

चौदा महिन्यांपूर्वी रविंद्रबरोबर दोन गाड्यांतून निघालेला विलास या हायवेवर गाडीसकट नाहीसा झाला. पोलिसांनी प्रवाशांच्या विसाव्याच्या या थांब्याभोवती आठ दिवस शोधलं आणि फाइलमध्ये लिहिलं, ‘स्वतःहून निघून गेला असावा.’ मग गणपतीच्या जेवणात बायका नीलिमाकडे बघून कुजबुजू लागल्या. तिला एवढंच हवं होतं, तो आपल्याला टाकून गेला की नाही ते कळू दे.

वारा सुटला. रिकाम्या पाण्याच्या टाकीतून कुणी कण्हल्यासारखा आवाज आला.

“चारू, इथं आपल्याशिवाय कुणीतरी आहे गं,” नीलिमा म्हणाली.

चारुताने फाइल उघडली. विलासने रविंद्रला पाठवलेला शेवटचा मेसेज तिने गेल्याच आठवड्यात मूळ मराठीत मिळवला होता. ‘रवी, अलीकडच्या थांब्यावर आहे. गाडी बंद. पाणी संपत आलंय. ये.’

“रवी, तू तेव्हा कुठे होतास?”

“मागच्या रोडहाऊसच्या पेट्रोल पंपावर, टायर बदलत. पाणी माझ्या गाडीत होतं. सांगितलंय ना सगळं पोलिसांना.”

“मेसेजचं इंग्रजी तूच करून दिलंस?”

“हो. नव्या थांब्यावर आहे, असं. अलीकडचा म्हणजे हल्लीचा. अलीकडची फॅशन म्हणतोच ना आपण?”

“म्हणतो. आणि इथला थांबा कधी हलवलाय का?”

“मला काय माहीत? माझ्यासाठी हा एकच थांबा. तेव्हाही आणि आत्ताही.”

चारुताने फाइल मिटली. तेवढ्यात एक लांबलचक ट्रक येऊन थांबला. टायर ठोकून बघणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला तिने टेबलाबद्दल विचारलं.

“नाह मेट, तीन वर्षांपूर्वी बायपास झाला, तेव्हा उचलून आणलं इथे. टाकीसुद्धा. ओल्ड वन इज सिक्स्टी केज बॅक.”

साठ किलोमीटर मागे जुना रस्ता फुटत होता. फाट्यावर मातीचा उंच आडवा बांध होता, दोन्ही बाजूंना खोल चर. ‘रस्ता बंद’ या पाटीखाली कंपनीचं नाव आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख. त्या कंपनीचं नाव रविंद्रच्या टोपीवरही होतं.

“मी इथेच थांबतो,” रविंद्र म्हणाला.

“नाही. तू पुढे चाल.”

बांध ओलांडून पायी निघाल्यावर अर्ध्या तासाने झाड दिसलं. खाली धुळीने लाल झालेली विलासची गाडी. शेजारी दोन घडीच्या खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. एक रिकामी. दुसरीच्या पायाशी विलासचा निळा शर्ट होता, आणि त्यात जे उरलं होतं ते. नीलिमा गुडघ्यांवर बसली. तिने शर्टावर हात ठेवला आणि मोठ्याने रडली.

चारुताने विलासच्या गाडीतला नकाशा उलगडला.

“विलासच्या जुन्या नकाशावर पुढे दोन थांबे होते, हा अलीकडचा आणि शंभर किलोमीटरवर पलीकडचा. रोडहाऊसवरून निघणारा मराठी माणूस पहिल्या थांब्याला अलीकडचाच म्हणणार. हा हलवलाय, हे त्याला माहीतच नव्हतं.”

“माझीही चूकच झाली,” रविंद्र पुटपुटला.

“चूक? तुझ्यासाठी थांबा एकच होता ना? मग नवा कुठून आला? जुना कुठे आहे हे माहीत असणाऱ्यालाच नवा सुचतो, रवी. आणि तो बांध तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर विलासची गाडी आत आली कशी?”

रविंद्र खाली बसला.

“बांध घातलाच नव्हता मी. कागदावर झाला म्हणून सही केली. तो इथे सापडला असता, तर सगळ्यांनी विचारलं असतं, रस्ता उघडा कसा? माझं इंजिनियरचं लायसन्स गेलं असतं. वाटलं, पोलिसांना तिकडे गुंतवू आणि रात्रीत मीच त्याला घेऊन येऊ. पण शोधात त्यांनी मला सोबतच ठेवलं, सोडलंच नाही. तिसऱ्या दिवशी आलो.”

“मग?”

“लांबून गाडी दिसली. पुढे पाय उचलेना. परत फिरलो. पुढच्या आठवड्यात मशीन आणून बांध घातला.”

“तीन दिवसांत एकदाही खरं सांगता आलं नाही?”

चारुता सॅटेलाइट फोन काढून पोलिसांशी बोलायला बाजूला गेली.

नीलिमाने डोळे पुसले. ती उठली, रिकाम्या खुर्चीवरची माती पदराने झटकावी तशी ओढणीने झटकली.

“बस, रवी,” ती म्हणाली. “तू येणार म्हणून त्याने मांडून ठेवली होती.”