रुईची पानं

कार्तिकातली ती पहाट नांगरगडावर उजाडली ती धुक्यातच. बालेकिल्ल्याचे बुरूज, सदरेची कौलं, देवटाक्याची पायरी सगळं कापसात गुंडाळून ठेवल्यागत झालं होतं, आणि त्या कापसाच्या तळातून, गडाला तीन महिने वेढा घालून बसलेल्या फौजेचा नगारा वाजत होता. गडावरच्या नगाऱ्यानं त्याला तोच ठेका परत दिला. देणारच, वरचा नगारची आणि खालचा नगारची चुलतभाऊ होते.

राज्य एक, कुळस्वामिनी एक, राजघराणंही एकच, आणि गाद्या मात्र दोन. थोरली म्हणे दौलत आमची, धाकटी म्हणे आमची. आणि दोन्ही गाद्यांवर बसणारी माणसं इतकी लांब होती की त्यांच्या भांडणाचा आवाज या खोऱ्यात फक्त तोफेच्या तोंडूनच ऐकू येई. नदीच्या अलीकडच्या गावांनी थोरलीची चाकरी धरली, पलीकडच्यांनी धाकटीची. अडचण इतकीच की अलीकडच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पलीकडच्याच लेकी केल्या होत्या. म्हणून गडावर जी जी बाई चूल फुंकीत होती, तिचा नवरा तटावर होता आणि भाऊ खाली मोर्च्यात.

गडाचे हवालदार रायाजी काकडे यांच्या घरात तरी वेगळं काय असणार! जिवाऊ त्यांची बायको. तिचा धाकटा भाऊ सिदोजी खालच्या फौजेत दहा भालाइतांचा नाईक. आई गेली तेव्हा सिदू दीड वर्षाचा आणि ती नऊ वर्षांची. त्यानंतर तिच्या काखेतून तो उतरला तो थेट घोड्यावर चढायलाच.

आज भाऊबीज होती. खालच्या सरदारानं अभयाचा कौल पाठवला होता की सण मोडू नये, गडावरच्या लेकीबाळींनी पायथ्याच्या मारुतीपाशी येऊन भावांना ओवाळावं. दोन्हीकडच्यांनी शपथेचा बेलभंडार उचलला. सूर्य उगवल्यापासून मावळेतो हत्याराला हात नाही.

पण आदल्या दिवशी भर दुपारी रायाजींनी सदरेवर आपली माणसं बसवून जे सांगितलं, त्यानं जिवाऊची झोप उडाली होती.

"बेलभंडार सूर्य मावळेतोचा आहे," हवालदार म्हणाले. "मावळल्यावरचा नाही. उद्या ते लोक बहिणींच्या हातचं गोड खाऊन सुस्तावतील. परवा झुंजूमुंजू होताना चोरदिंडीनं उतरायचं आणि छावणीच कापून काढायची."

"आणि ओळखायचं कसं, हवालदार?" एका म्हाताऱ्या नाईकानं विचारलं. "पागोटी तीच, बोली तीच. ते हर हर महादेव म्हणणार, आपणही तेच म्हणणार. धुक्यात हा आपला, हा त्यांचा, कोण सांगणार? गेल्या सालच्या चढाईत मी आपल्याच माणसाचा कान छाटलाय. तो बसलाय बघा तिकडं."

सदर हसली. कान नसलेला सगळ्यांत मोठ्यानं हसला.

"पागोट्यात रुईचं पान," रायाजी म्हणाले. "पांढुरकी पाठ बाहेर करून. धुक्यातही चमकतं. पान दिसलं तर हात आखडायचा. नाही दिसलं तर नाही."

माचीच्या उतारावर रुई माजली होती. पानं खुडायचं काम बायकांकडे आलं आणि बायकांकडून शपथ घ्यायचं काम जिवाऊकडे. चाळीसजणींनी तुळशीवर हात ठेवून सांगितलं की ही गोष्ट जिभेवर येणार नाही. जिवाऊनं सगळ्यांत आधी ठेवला.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "धनी, आणि समोर सिदूच आला तर?"

"समोर येतो तो गनीम, जिवाऊ. गनिमाला नाव नसतं."

"नसतं ते परमुलखातल्या गनिमाला. ह्यांची मला पाळण्यातली नावं ठाऊक आहेत."

रायाजींनी तांब्या तसाच खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. त्यानं सिदूला पहिली तलवार दिली होती, ती कशी धरायची तेही शिकवलं होतं. "तू माझ्यासाठी देवापाशी बैस," ते म्हणाले, "आणि त्याच्यासाठीही बैस. दोन्ही पटेल असं काही देव करील तर बरं." एवढं बोलून ते तटाकडं निघून गेले.

देवावर सोडायच्या गोष्टी असतात आणि नसतात. जिवाऊनं एक पान जास्तीचं खुडलं. एकच. त्यानं कुणाचं काय जाणार होतं? तीनशे पानांत एक. तिचा नवराही वाचेल, भाऊही वाचेल, आणि लढाईचं जे काय व्हायचं ते होईल.

मारुतीच्या पारावर त्या दिवशी जी दाटी झाली ती जत्रेलाही होत नसे. कालपर्यंत एकमेकांवर गोफणगुंडे टाकणारे गडी पाटावर मांड्या घालून, डोईवर रुमाल टाकून, नाकासमोर बघत गुमान बसले होते.

"आक्का, निरांजनात तेल?" सिदोजी म्हणाला. "गडावरचं तूप संपलं, हे आमच्या सरदाराला सांगू का? आठ दिवसांत गड हाती येईल."

"सांग. आणि तुझ्या डोईला अजून उवा होतात तेही सांग." तिनं कुंकू लावलं. त्यानं ओवाळणी म्हणून पदरात तांदळाची पुरचुंडी टाकली. वेढा घालणाऱ्यानं वेढ्यात अडकलेलीला दिलेले तांदूळ. ओवाळता ओवाळता तिनं ते पान त्याच्या मुठीत दिलं.

"उद्या पहाटे उठल्या उठल्या पागोट्यात खोव. पाठ बाहेर. का ते विचारू नकोस, कुणाला बोलू नकोस."

"मारुतीला वाहिलेलं आहे?"

"हो," ती म्हणाली.

त्यानं पान कपाळाला लावलं. भाबडाच होता तो. आजूबाजूच्या बायकाही आपापल्या भावांवर जरा जास्तच वेळ वाकल्या होत्या. जिवाऊला वाटलं, रडताहेत बिचाऱ्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना दिंडी उघडली आणि तीनशे माणूस धुक्यात उतरलं. जिवाऊ बुरुजावर होती. दिसत काहीच नव्हतं. आधी कुत्री भुंकली, मग आरोळी उठली, आणि मग खालून एकच गजर, हर हर महादेव, दोन्ही तोंडांतून, असा की देवालाही कळू नये हाक कोणाची.

खाली काय चाललं होतं ते वाचलेल्यांनी मागाहून सांगितलं. गडाची माणसं छावणीत शिरली तर समोरून पान लावलेला गडी यायचा; हे हात आखडायचे, आणि तो आखडायचा नाही. असे दहा-वीस पडल्यावर गडकऱ्यांचा पानावरचा विश्वास उडाला आणि ते दिसेल त्याला कापू लागले, आपल्यांनाही. तिकडे छावणीतल्या ज्यांना पानाचं काहीच ठाऊक नव्हतं, त्यांना तेवढ्यात हे कळलं की हल्ला करणाऱ्यांच्या पागोट्यात पांढरं पान आहे. "पानवाल्यांना हाणा!" अशी हाळी उठली, आणि त्यांनी पानवाले हाणले. त्यात त्यांचे स्वतःचेही.

ऊन आलं तेव्हा दोन्ही नगारे थांबले होते. कोणी जिंकलं नव्हतं.

बायका उतरल्या. मुडदे पालथे पडले होते ते उताणे करायचं काम त्यांनाच होतं, आणि एकेकीला दोन-दोन सापडत होते. सिदोजी तंबूच्या दोरीपाशी सापडला. पान पागोट्यात अगदी नीट खोवलेलं, पाठ बाहेर. भाला पाठीतून गेला होता, आणि तो भाला त्याच्याच दहांपैकी एकाचा होता; मूठ लाल सुतानं बांधायची त्यांची रीत तिला ठाऊक होती.

जिवाऊ रडली नाही. तिनं मान वर केली आणि तिला दिसलं की पलीकडच्या गावचा हा जो पडला आहे त्याच्याही डोईत पान आहे, त्याच्या शेजारच्याच्याही, ओढ्यात पडलेल्याच्याही. तिनं बायकांकडं पाहिलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. प्रत्येकीनं एकच पान जास्तीचं खुडलं होतं.

लढाईच्या दुसऱ्या दिवशी सदर भरली. रायाजींचा उजवा हात कोपरापासून गेला होता, जखम उकळत्या तेलानं डागली होती, आणि तरी ते ताठ बसले होते. सबनीस कागद घेऊन बसला.

"पानाची खबर गनिमाला कोणी दिली?"

गडी बायकांकडं बघेनात. बघितलं असतं तर कळलं असतं, आणि कळून करायचं काय? फितुरीला सजा एकच, कडेलोट. चाळीसजणींना लोटायचं म्हणजे गडावरच्या चाळीस चुली लोटायच्या.

त्या चाळीसजणींतली ठकूबाई खाली मान घालून उभी होती. तिच्या पोटात सातवा महिना होता.

"मी दिली, हवालदार," जिवाऊ म्हणाली.

"किती पानं दिली?" रायाजींनी विचारलं.

"सगळी."

"खाली चाळीस पानं गेली, बाई. तुला भाऊ एक."

"माहेर माझं सगळं पलीकडचं आहे. कोणाला कमी, कोणाला जास्त कसं लेखू? चाळीसही मीच वाटली. ह्या बायकांना ओवाळण्यापुढं काही ठाऊक नव्हतं. लिहून घ्या, सबनीस, शाई वाळतेय."

सबनिसानं हवालदारांकडं पाहिलं. ती धादांत खोटं बोलते आहे हे सदरेवरच्या एकूण एक माणसाला कळत होतं, आणि तिला थांबवायला त्यांतला एकही उठला नाही. शेवटी रायाजी म्हणाले, "कबूल करणारी एक आहे. सजाही एकीलाच," आणि शिक्का उठवायला डावा हात पुढं केला. त्या हाताला शिक्क्याची सवय नव्हती; सबनिसानं मनगट धरलं तेव्हा शिक्का उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं आणि ओटी भरली, लेक माहेरी निघाल्यागत. ठकूबाई नारळ घालायला वाकली तेव्हा तिचे ओठ हलले. जिवाऊ तिला म्हणाली, "बोलू नकोस. माझं फुकट घालवशील." मग कड्याकडं ती आपल्या पायांनी चालत गेली. रायाजी तिच्या मागं सात पावलांवर होते. हवालदार म्हणून त्यांना शेवटपर्यंत उभं राहावं लागलं, आणि ते राहिले.

पुढच्या साली ज्येष्ठात दोन्ही गाद्यांचा तह झाला. नदी सोडून डोंगराची धार हद्द ठरली, कोणीतरी नकाशावर बोट फिरवलं, आणि नांगरगड धाकटीकडं गेला, एक गोळी न सुटता. रायाजींनी किल्ल्या नव्या हवालदाराच्या ओंजळीत ठेवल्या. रीतीप्रमाणं दोन्हीकडच्या गड्यांची एक पंगत बसली. रायाजींच्या शेजारी बसलेला गडी उंचापुरा, तोंडाळ, नाव धोंडजी.

"हवालदारसाहेब, पाप पोटात राहत नाही म्हणून बोलतो," तो म्हणाला. "तुमचा हात माझ्याच तलवारीनं गेला. तुम्ही आखडता घेतलात, मला तेव्हा उमगलं नाही. माझ्या पागोट्यात पान होतं ना, आमच्या ठकूआक्कानं दिलेलं! तिच्यामुळं वाचलो. मी म्हटलं, ह्या पोरींचं काळीज केवढं! तुमच्या घरच्या आक्कासाहेब कुठं दिसत नाहीत? त्यांनाही मुजरा करीन म्हणतो."

वाढायला आलेली ठकूबाई, कडेवर पाच महिन्यांचं मूल, जिथल्या तिथं थांबली. पंगतीत कोणी घास उचलला नाही.

रायाजींनी समोरच्या भाकरीला हात घातला. एका हातानं ती मोडत नव्हती. हे धोंडजीच्या ध्यानात आलं, त्यानं हात पुढं करून त्यांची भाकर मोडली, चार तुकडे केले, वर कोरड्यास घातलं आणि म्हणाला, "जेवा, दाजी."

रायाजी जेवले.